हृदयाच्या कर्णिकांचे आजार कसे ओळखतात?

प्रश्न : मधूनच धडधडते, नाडी अनियमित लागते, पण ईसीजी नॉर्मल आहे. वरच्या कप्प्यांचा आजार असू शकतो का? (एक वाचक, तुमसर)

उत्तर : वरच्या कप्प्यांचा, म्हणजे कर्णिकांचा, नेहमी आढळणारा आजार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात कर्णिका नीट आकुंचन न पावता नुसत्या थरथरतात. ईसीजीत ‘पी’ लहर दिसत नाही, ठोक्यांमधली अंतरे अनियमित पडतात. असा आलेख 30 सेकंद टिकला की निदान पक्के होते. मात्र धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. त्यावर निर्धास्त राहणे धोक्याचे. त्रास सुरू असतानाच भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठून ईसीजी काढावा. तरीही सापडले नाही, तर 24 तास किंवा अधिक काळ होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र, लावतात.

पुढे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डाव्या कर्णिकेचा आकार आणि मायट्रल झडप त्यात दिसते. बालपणीच्या संधिवाताच्या तापाने ही झडप अरुंद झाली की कर्णिका फुगते. तरुण रुग्णात हे कारण आवर्जून शोधावे. थायरॉइडचीही तपासणी हवी. कर्णिकेत गुठळीची शंका असल्यास अन्ननलिकेतून इको करतात. त्यासाठी नागपूरला जावे लागू शकते.

ही गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तत्काळ 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.