अनुताई वाघ : मुलाच्या अंगणात गेलेली शाळा



या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस अनुताई वाघ यांच्या कार्याचे टप्पे सांगता येतील आणि ‘अंगणवाडी’ व ‘कुरणशाळा’ या शब्दांमागील शैक्षणिक विचार स्पष्ट करता येईल.

१. जीवनपरिचय

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह झाला व सहा महिन्यांतच वैधव्य आले. पुढे शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्याबरोबर त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास वाहून घेतले. नंतर हे कार्य आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये विस्तारले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मचरित्र होय. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

२. दोन शब्द, एक विचार

गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. अशा वेळी दोष मुलांना वा पालकांना देणे सोपे असते. ताराबाई व अनुताई यांनी मात्र दोष शाळेच्या रचनेत शोधला आणि बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. थोरली मुले गुरे चारावयास जात. त्यांच्यासाठी चराऊ रानातच शाळा भरू लागली. तीच कुरणशाळा.

आता या सामासिक शब्दांची घडण पाहा. ‘बालवाडी’तील पूर्वपद वाडी कोणासाठी, हे सांगते. ‘अंगणवाडी’ व ‘कुरणशाळा’ यांतील पूर्वपदे स्थळ सांगतात, आणि ते स्थळ शिक्षकाचे नसून मुलाचे आहे. शिकणाऱ्याने किती चालावे, याऐवजी शिकवणाऱ्याने किती चालावे, हा प्रश्न या शब्दांनी पुढे आणला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले व हा शब्द देशभर पोहोचला.

घर, शेत वा नोकरी सांभाळून ही पुस्तिका वाचणाऱ्या आपणांस या विचाराचे मोल वेगळे सांगावयास नको.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘अंगणवाडी’ या समासाचा विग्रह करून त्यामागील विचार लिहा.
२. आपल्या परिसरात शाळेपासून दूर राहिलेली मुले कोणती? त्यांच्यासाठी शाळा कोठे व केव्हा भरावी, ते दहा ओळींत मांडा.