कुलवृत्तांतातील पूर्वज आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत बहरलेल्या कुलवृत्तांत या ग्रंथप्रकाराची वाङ्मयेतिहासाने फारशी दखल घेतलेली नाही. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, वंशावळ आणि शेवटी व्यक्तिपरिचय असा त्याचा साचा. परिचयात पुरुषाचे शिक्षण, नोकरी, स्थलांतर येते. पत्नीच्या वाट्यास बहुधा सासरचे नाव व माहेरचे आडनाव एवढेच. विवाहात नाव पालटल्यामुळे एका वंशावळीतील कन्या आणि दुसरीतील सून एकच, हे ओळखण्यास दोन्ही घराण्यांचे ग्रंथ शेजारी ठेवावे लागतात. (दत्तकाची नोंद मात्र आवर्जून होते, तेथे वारसाहक्क गुंतलेला असतो.)

वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी १८५७च्या धामधुमीतील आपला प्रवास स्वतः लिहून ठेवला आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी तो प्रसिद्ध केला. असे भाग्य किती पूर्वजांचे? स्त्रियांच्या बाबतीत तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडेच वळावे लागते. नाशिक-त्र्यंबकेश्वरी आलेला यजमान तेथे आपला लेख लिहून देई. जुने लेख बहुधा मोडीत. तीर्थश्राद्धात माता, पितामही, प्रपितामही आणि आजोळचे पितर यांचाही नामोच्चार आवश्यक, म्हणून वंशवृक्षाने गाळलेली नावे येथे सापडण्याचा संभव अधिक. एका लेखात ‘सौ.’ व पुढील लेखात ‘गं. भा.’ असे त्याच नावामागे आढळल्यास पतीच्या निधनाचा काळ त्या दोन यात्रांच्या दरम्यान निश्चित करता येतो. तिच्या स्वतःच्या मृत्यूचा शोध मात्र मुलाच्या लेखातच घ्यावा लागतो.