सुंभ जळाला तरी पीळ राहतो

मुळशी हा पैलवानांचा तालुका. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातले. आमच्या माण परिसरातही तरुणपणी लाल मातीत उतरलेली मंडळी पुष्कळ. पण नोकरी लागते, संसार वाढतो, कधी दुखापत होते आणि तालीम सुटते. काही वर्षांनी हीच मंडळी दवाखान्यात विचारतात, "डॉक्टर, गेलेली ताकद परत येते का हो?"

येते आणि पहिल्यापेक्षा लवकर येते. मात्र घाई केली तर अंगाशी येते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तालमींना कुलपे लागली. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला झालेल्या महाराष्ट्र केसरीनंतरची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली. तालमी उघडल्यावर मी पाहिले, की जुने पैलवान थोड्याच महिन्यांत अंग धरू लागले. त्यांच्याबरोबरच नव्याने सुरुवात केलेली मुले मात्र मागे राहिली.

याचे कारण काय? पहिली आठवण मेंदूची आणि मज्जातंतूंची. विहिरीत शिकलेले पोहणे माणूस विसरत नाही, तसाच बैठकीचा तोल आणि वजन उचलण्याची ढब विसरत नाही. दुसरी आठवण खुद्द स्नायूंची. स्नायूच्या एका तंतूत अनेक केंद्रके असतात. मेहनतीने तंतू जाड होतो, तेव्हा शेजारच्या पेशी त्यात मिसळून केंद्रकांची संख्या वाढते. व्यायाम थांबला की तंतू बारीक होतो, पण वाढलेली केंद्रके टिकून राहतात, असे नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना २०१० साली उंदरांमध्ये दिसले. माणसात हे कितपत घडते, यावर अजून एकमत नाही. फिनलंडमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जणांनी १० आठवडे वजनांचा व्यायाम केला, १० आठवडे थांबवला आणि पुन्हा १० आठवडे केला. विश्रांतीत स्नायूंचा आकार घटला, ताकद त्यामानाने कमी घटली. गेलेले सारे साधारण ५ आठवड्यांत भरून आले.

आता धोक्याची बाजू. मनाला जुना आकडा आठवतो, पण अंग आजचे असते. स्नायूबंध आणि सांधे स्नायूंच्या मानाने सावकाश तयार होतात. जत्रेची कुस्ती जवळ आली म्हणून पहिल्याच दिवशी ३००-४०० बैठका मारल्या, तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. असह्य ठणका, मांड्यांना सूज आणि काळ्या चहासारखी लघवी ही त्याची लक्षणे. अशा वेळी घरी मालीश करीत बसू नये, मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेवर सलाइन मिळाले तर मूत्रपिंड वाचते.

म्हणून पुन्हा सुरुवात करताना एवढे पाळा:

१. पूर्वी २०० बैठका मारत असाल, तर ४०-५० पासून सुरुवात करा. वजने पूर्वीच्या निम्म्याहून कमी ठेवा.

२. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड मेहनत करा. नंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवा.

३. पाणी भरपूर प्या. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे आहारात ठेवा. खुराक मात्र मेहनतीच्या मानाने असावा. तालीम सुटली आणि खुराक तोच राहिला, की पोट सुटते.

४. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. व्यायामात छातीत दुखले, दम कोंडला किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

५. लवकर अंग भरण्यासाठी कोणी इंजेक्शन सुचवले, तर त्याला हात जोडा.

ज्यांची तालीम सुटली आहे, त्यांनी वय झाले म्हणून खचू नये. तरुणपणी गाळलेला घाम अंगाने जपून ठेवलेला असतो. महिना-दोन महिने धीर धरा, अंग आपोआप ओळख देऊ लागेल. आणि ज्यांची मुले आज तालमीत जातात, त्यांनी ती खुशाल जाऊ द्यावीत. ही ठेव पुढे उपयोगी पडते.