जुनी इम्पाला घ्यावी का?

प्रश्न : नव्यासारखी करून घेतलेली १९६५ची शेवरोले इम्पाला विकायला आहे. घ्यावी का? – एक वाचक, परळ

उत्तर : जरूर घ्या, पण रंगाला भुलू नका. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून सडतो. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक चाकांच्या कमानींवर आणि दरवाजांच्या खालच्या कडांवर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे बहुधा पत्र्याऐवजी पुट्टी आहे. गाडी लिफ्टवर चढवून चासीही पाहा. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा आणि लालबाग-परळच्या गर्दीत अर्धा तास चालवून ते तापतं का, हे तपासा.

आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळलेच पाहिजेत. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप जपलेल्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र मग ती रोजच्या वापराला चालत नाही.

शेवटचं, पार्किंग मोजा. गाडी सुमारे ५.४ मीटर लांब, २ मीटर रुंद आहे. छपराखाली तेवढी जागा असेल, तरच बयाणा द्या.