आग थांबली म्हणजे नस बरी झाली असं नव्हे

तळपायांची आग, मुंग्या, रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा व्हावा अशी चुणचुण. एवढ्यावर शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची प्रीगॅबालिन आणि मेथिलकोबालामिनची गोळी घेणारे बोरीवलीत कमी नाहीत. गोळी वाईट नाही, पण नस कशामुळे दुखावली हे न शोधता ती घेण्याला माझा ठाम विरोध आहे. मुळात दुखणं नसेचंच आहे का, हे आधी पाहावं. सकाळी टेकवलेल्या पहिल्या पावलाला टाचेत कळ येते आणि थोडं चालल्यावर ती ओसरते, ते बहुधा नसेचं नसतं. नसेचं दुखणं अनेकदा अंथरुणाला पाठ टेकल्यावर डोकं वर काढतं. ते दोन्ही पायांत बोटांपासून वर चढत असेल तर साखर, बी-१२, दारू यांची चौकशी हवी. एकाच पायात असेल, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या जात असतील, तर नस तिथे दबलेली असू शकते. कधी मूळ कमरेतच असतं.

‘जीवनसत्त्वच तर आहे, घेतलं तर बिघडलं काय?’ असं विचारलं जातं. बिघडतं. रक्त तपासण्याआधीच बी-१२ सुरू केलं तर कमतरता होती की नाही हेच नीट कळत नाही, आणि मिश्र गोळ्यांतलं बी-६ फार दिवस मोठ्या मात्रेत गेलं तर तेच नसांना इजा करतं. आयसीएमआरच्या २०२३च्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांतल्या असंख्यांना मेटफॉर्मिन चालू असतं आणि त्याने बी-१२ घटतं. त्यात घर शाकाहारी असेल तर बी-१२ची तपासणी टाळूच नये. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा या दुखण्यावर फारसा उपयोग नाही, मूत्रपिंडावर मात्र ताण पडतो. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांनी बऱ्याच जणांना आराम मिळतो, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी आणि गोळी एकदम तोडू नये.

‘आता आग होत नाही, मग तपासायचं कशाला?’ हा प्रश्न मला सगळ्यात घातक वाटतो. आग थांबते ती कधी नस सावरल्यामुळे, तर कधी ती पार बधिर झाल्यामुळे. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी पत्ता नाही, ही दुसऱ्या प्रकाराची खूण. अशा माणसाने वझिरा नाक्याच्या गणपतीला भर दुपारी अनवाणी रांगेत उभं राहू नये. तापलेल्या फरशीने आलेला फोड त्याला घरी गेल्यावर दिसतो, कधी दिसतही नाही. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून डॉक्टर काही मिनिटांत संवेदना तपासतात. मधुमेह्याने ही तपासणी वर्षातून एकदा मागून करून घ्यावी. बधिरपणासोबत त्वचेवर फिकट, सुन्न चट्टा असेल तर कुष्ठरोगाची शंका धरून सरकारी किंवा पालिकेचा दवाखाना गाठावा. औषध तिथे मोफत मिळतं, आणि वेळेत सुरू झालं तर पाऊल वाचतं.