व्यापाऱ्याचा स्वाध्याय

‘स्वाध्याय’ हा शब्द आपल्या समाजात इतका रुळलेला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणास भासत नाही. मंदिरात ग्रंथ उघडून बसलेला मनुष्य दिसला की तो स्वाध्याय करीत आहे, असे आपण म्हणतो. हा मनुष्य बहुधा वयस्क असतो आणि दुकान मुलांच्या स्वाधीन करून मोकळा झालेला असतो. त्यामुळे स्वाध्याय म्हणजे निवृत्तीनंतरचा उद्योग, अशी एक समजूत व्यापारी वर्गात दृढ होऊन बसली आहे. ही समजूत शास्त्रास धरून नाही आणि व्यवहारासही धरून नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक पंडित नाही. मॅट्रिकनंतर तो थेट धान्याच्या घाऊक पेढीवर बसला आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ त्याने पोती, काटा व खतावणी यांच्या सहवासात घालविला. येथे जे लिहिले आहे ते पेढीवरून दिसलेले आहे. सुज्ञ वाचकांनी ते त्याच मापाने घ्यावे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात तपाचे बाह्य व आभ्यंतर असे दोन भेद करून प्रत्येकाचे सहा प्रकार दिले आहेत. उपवासादी बाह्य तपे आपणांस परिचित आहेत. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान ही सहा आभ्यंतर तपे होत. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने वाचन ही करमणूक नव्हे, विद्वत्तेचा अलंकारही नव्हे. ते उपवासाच्या पंक्तीस बसणारे तप आहे. पुढे या स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनात घोळविणे, शुद्ध पाठ करणे आणि दुसऱ्यास सांगणे, असा त्यांचा सरळ अर्थ. यांत वाचना हे केवळ पहिले अंग आहे. माल खरेदी करून वखारीत टाकला म्हणजे व्यापार झाला, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मग ग्रंथ वाचून कपाटात ठेवला म्हणजे स्वाध्याय झाला, असे तरी कसे म्हणावे?

आता एकेक अंग व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहू.

वाचनेविषयी पहिली तक्रार वेळ नसल्याची असते. ती अगदी खोटी नाही. पूर्वी परगावचा भाव कळण्यास तार किंवा टपाल यावे लागे. आज लातूर, अकोला, कलबुर्गी येथील भाव हातातील मोबाइलवर क्षणोक्षणी येतात आणि दिवसातून पन्नास वेळा ते पाहण्याची सवय जडते. पण पन्नासांपैकी किती वेळा त्या भावावर आपण सौदा केला, हे ज्याने त्याने मोजून पाहावे. उरलेला वेळ आपलाच आहे. शिवाय वाचन थोडेच हवे असते. तत्त्वार्थसूत्राची सूत्रे दिगंबर परंपरेत ३५७ व श्वेतांबर परंपरेत ३४४ आहेत. रोज एक सूत्र अर्थासह घेतले तर वर्षभरात संपूर्ण ग्रंथ होतो, आणि त्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण पैशाच्या बाबतीत मुलांना शिकवितो; वाचनाच्या बाबतीत मात्र स्वतः विसरतो.

भरलेल्या पेढीवर वाचन होऊ शकते याचे उदाहरण म्हणजे श्रीमद् राजचंद्र (१८६७ ते १९०१). मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करणारे हे गृहस्थ. १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधीजींची व त्यांची भेट झाली. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या व्यापाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. लाखोंचे व्यवहार करणाऱ्या या माणसाच्या गादीवर एखादे धर्मपुस्तक आणि रोजनिशी नेहमी असे. सौद्याचे बोलणे संपले की त्यांपैकी एक उघडले जाई, असे त्यांनी नोंदविले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राजचंद्रांनी वाचनासाठी व्यापार बुडविला नाही, की व्यापारासाठी वाचन उद्यावर टाकले नाही. दोन सौद्यांच्या मधला वेळ, जो आपण सामान्यतः चहा आणि चर्चा यांत घालवितो, तो त्यांनी आपला मानला, इतकेच.

दुसरे अंग पृच्छना. वाचलेले विचारून घेतले नाही तर काय होते, हे समजण्यासाठी कविवर बनारसीदास यांचे चरित्र पाहावे. १५८६ साली जौनपूर येथे जन्मलेले हे श्रीमाल जैन व्यापारी. जवाहीर, कापड असे अनेक व्यापार त्यांनी आग्रा व इतरत्र केले आणि पुष्कळदा तोटा सोसला. १६२३ च्या सुमारास कुंदकुंदाचार्यांच्या समयसाराची टीका त्यांच्या हाती आली. त्यांनी ती एकट्याने वाचली आणि त्यांचे चित्त डळमळले. पूजा, व्रत यांवरची श्रद्धा गेली. पण ज्या आत्मानुभवासाठी ती सोडली, तोही हाती लागला नाही. या अवस्थेत सुमारे बारा वर्षे गेली. पुढे पांडे रूपचंद नावाचे विद्वान आग्र्यास आले व त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन केले, तेव्हा बनारसीदासांची दृष्टी स्थिर झाली. त्यानंतर १६३६ साली त्यांनी ‘समयसार नाटक’ रचले. उत्तम ग्रंथ, बुद्धिमान वाचक आणि तरीही बारा वर्षांचा गोंधळ! ग्रंथ निर्दोष होता. विचारण्यास कोणी नव्हते. गांधीजींनीही १८९४ साली दक्षिण आफ्रिकेतून राजचंद्रांस सत्तावीस प्रश्न पत्राने विचारले होते. बॅरिस्टर झालेल्या मनुष्यास विचारण्यात कमीपणा वाटला नाही, तर मॅट्रिक झालेल्यांस का वाटावा? मालाची जात न कळल्यास आपण पोत्यात सळई घालून नमुना काढतो आणि जाणकाराच्या तळहातावर ठेवतो. न कळलेल्या ओळीचेही असेच करावे.

तिसरे अंग अनुप्रेक्षा, म्हणजे वाचलेले पुन्हा पुन्हा मनात घोळविणे. माझ्या मते व्यापाऱ्याचा खरा स्वाध्याय येथे सुरू होतो. साठविलेले धान्य वेळोवेळी हलवावे लागते, ऊन द्यावे लागते. एका जागी पडलेल्या राशीस आतून ऊब सुटते व कीड लागते. वाचलेल्या गोष्टीचेही तसेच. ती आपल्या रोजच्या व्यवहारात खालीवर झाली नाही तर कुजते, आणि तिच्यापासून केवळ अभिमान उत्पन्न होतो.

तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय या दृष्टीने प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावा. त्यात अचौर्यव्रताचे दोष सांगताना खोटी मापे ठेवणे, चोरीचा माल घेणे, चांगल्या मालात हलका माल मिसळणे यांची स्पष्ट गणना आहे. हा ग्रंथ किमान दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे, पण वाचताना वाटते की कोणी आपल्याच पेठेत उभे राहून लिहीत आहे. परिग्रहाची मर्यादा ओलांडण्याचे प्रकारही तेथे मोजले आहेत. त्यांत शेत व घर, रुपे व सोने, यांच्या शेजारी धन आणि धान्य यांची जोडी बसविली आहे. धान्याच्या व्यापाऱ्याने तो शब्द वाचून पुढे जाऊ नये, तेथे थांबावे.

या थांबण्याचा उपयोग कोणत्या दिवशी होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. २०१४ व २०१५ या दोन्ही वर्षी देशात पाऊस कमी पडला. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये किरकोळ बाजारात तूरडाळ किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेली. सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, छापे पडले. त्या दिवसांत प्रत्येक घाऊक व्यापाऱ्यापुढे एकच प्रश्न होता : वखारीतला माल आज सोडावा की आठ दिवस थांबावे? माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्यापूर्वी काही वर्षे परिग्रहपरिमाणाचे दोन आकडे लिहून ठेवलेले होते : कडधान्याची किती पोती एका वेळी बाळगावी, आणि त्यावर आडत व खर्च जाऊन नफा किती घ्यावा. मी त्या आकड्यांप्रमाणे माल सोडला. यात शौर्य काही नाही. आकडे आधी लिहिलेले होते म्हणून निभावले. त्याच महिन्यात लिहावयास बसलो असतो तर कोणते आकडे लिहिले असते, याची मला खात्री देता येत नाही.

२०१६-१७ च्या हंगामात तुरीचे पीक विक्रमी आले आणि भाव सरकारी आधारभूत किमतीच्याही खाली उतरले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ‘पाहा, संतोषाने तोटा टळतो’ असा निष्कर्ष यावरून काढू नये. त्या वर्षी पीक बुडाले असते तर माल धरून ठेवणारे अधिक श्रीमंत झाले असते, आणि तरीही माझे आकडे बरोबरच राहिले असते. संतोष हा नफ्याचा उपाय नव्हे. तो नफ्यास घातलेला बांध आहे. आणि बांध पावसाळ्यापूर्वी घालावयाचा असतो, पूर आल्यावर नव्हे. शांतपणे वाचून, विचारून, मनात घोळवून जे ठरविले तेच भाव चढलेल्या दिवशी उपयोगी पडते. व्यापाऱ्यास स्वाध्यायाचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. म्हणूनच तो निवृत्तीनंतर ठेवता येत नाही. निवृत्तास भाव चढलेला दिवस भेटतच नाही.

येथे तरुण बांधव एक शंका घेतील : ‘मर्यादा घालून बसणारा व्यापारी मागे पडणार नाही काय?’ शंका योग्य आहे. पण संतोष म्हणजे आळस नव्हे. सकाळी वेळेवर दुकान उघडणे, माल स्वच्छ करणे, नवे गिऱ्हाईक जोडणे, हिशेब चोख ठेवणे, यांपैकी कशासही शास्त्राने मर्यादा घातलेली नाही. मर्यादा उद्योगास नसून आसक्तीस आहे. परिग्रहाचे मूळ मूर्च्छेत आहे असे तत्त्वार्थसूत्र सांगते, ते याच अर्थाने. यशाचे मार्ग सांगणारी पुस्तके आज पुष्कळ निघतात आणि त्यांतून शिकण्यासारखे असतेही. परंतु ती ‘अधिक कसे मिळवावे’ एवढाच प्रश्न विचारतात. ‘किती पुरे’ हा प्रश्न विचारणारे एक पुस्तक तरी गादीवर असावे.

चौथे अंग आम्नाय, म्हणजे शुद्ध उच्चाराने पाठ करणे. आजच्या काळी पाठांतरास कमी लेखतात. पण ग्रंथ पेढीवर राहतो. पाठ असलेले मात्र प्रवासात, रुग्णालयात, उधारी बुडाल्याच्या रात्री आपल्याबरोबर येते. दहा सूत्रे पक्की पाठ असणारा, शंभर ग्रंथांची नावे जाणणाऱ्याहून अधिक सधन समजावा.

पाचवे अंग धर्मोपदेश. याचा अर्थ चारचौघांत व्याख्यान झोडणे असा करू नये. हमालास उपदेश करण्यापूर्वी त्याची हमाली संध्याकाळी चुकती करावी. मुलास संतोष शिकविण्यापूर्वी काट्यावरचा आपला हात त्याला पाहू द्यावा. घरातील स्त्रिया बहुधा आपणांपेक्षा अधिक वाचतात. रात्री जेवणानंतर त्यांनी वाचावे व आपण ऐकावे, हाही धर्मोपदेशच होय. ज्यांस शक्य आहे त्यांनी सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचा आदर्श ठेवावा. त्यांनी न्यायाने मिळविलेली बहुतेक सर्व संपत्ती जैन संस्कृति संरक्षक संघास दिली, आणि त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. त्या मालेचे एक संपादक डॉ. आ. ने. उपाध्ये हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे सुपुत्र. एकाने परिग्रह सोडला, दुसऱ्याने विद्या वेचली, आणि तिलोयपण्णत्तीसारखा प्राकृत ग्रंथ छापून अभ्यासकांच्या हाती आला. संतोषाचे फळ असे दुसऱ्याच्या घरीही पोचते.

शेवटी ‘स्व’ या अक्षराविषयी. स्वाध्याय म्हणजे स्वतःचे अध्ययन. बनारसीदासांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ या नावाने आपले चरित्र लिहिले. त्याच्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या गुणांची आणि दोषांची वेगवेगळी यादी दिली आहे. लाभहानीने आपले मन फार हलते, हेही दोषांत मांडले आहे. जमा एका बाजूस, खर्च दुसऱ्या बाजूस, अशी ही व्यापाऱ्याची रीत. आपण दुकानाचा ताळेबंद दरवर्षी काढतो. स्वतःचा काढण्यास ग्रंथाचा आधार लागतो.

तेव्हा या वर्षी एक साधी गोष्ट करून पाहावी. दिवाळीच्या पाडव्यास आपण नव्या वह्या घालतो. त्याच दिवशी वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. त्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या परिग्रहपरिमाणाचा आकडा लिहावा, आणि तत्त्वार्थसूत्राचे पहिले सूत्र वाचावे. अधिक मास नसेल तर पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सुमारे ३५४ दिवस होतात. ३५७ सूत्रे मानणाऱ्यांनी तीन दिवस दोन दोन सूत्रे घ्यावी. ३४४ मानणाऱ्यांस दहा दिवस उजळणीस उरतील. हिशेब दोन्ही बाजूंनी जुळतो. आता फक्त वही आणि ग्रंथ शेजारी शेजारी ठेवावयाचे आहेत.