लेखणी हाती घेणाऱ्यांसाठी

"लिहावेसे वाटते, परंतु काय लिहावे हे सुचत नाही," असे विद्यार्थी आम्हांस नेहमी सांगतात. इतिहास शिकवताना या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आपल्याच समाजाच्या लेखनपरंपरेत सापडत आले आहे.

१८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. आपले लोक दुःखी आहेत, एवढेच म्हणून ती थांबली नाही. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसते आणि थंडीपावसात तिचे किती हाल होतात, हे तिने नेमके मांडले. म्हणूनच तो निबंध आज इतिहासाचे साधन ठरला आहे. यातून पहिला धडा असा : 'गरिबी', 'अन्याय' हे मोठे शब्द बाजूला ठेवावेत आणि डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट पूर्ण सांगावी.

दुसरा धडा भाषेचा. दया पवार यांच्या १९७८ मधील आत्मकथनाचे 'बलुतं' हे नावच मुळी गावगाड्यातील शब्द आहे. आजीच्या तोंडचा शब्द 'शुद्ध' करण्याच्या नादात त्याचा जीव घेऊ नये. येसकर, तराळ, चावडी या शब्दांमागे आपल्या पूर्वजांचे राबणे आहे. असे शब्द अर्थासह एका वहीत उतरवून ठेवावेत.

तिसरा धडा चिकाटीचा. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी संसार आणि दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून अनेक वर्षे लेखन केले. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली. त्यांनी पुढे आश्रमशाळाही चालवली. सवड मिळाल्यावर लिहू, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे. रोज अर्धे पान पुरे. मात्र त्यात खंड नसावा.

लिहून झाल्यावर मजकूर चार दिवस तसाच ठेवावा. नंतर मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य मोडावे. जेथे उपदेश आला असेल तेथे तो गाळावा. वाचक स्वतः विचार करतो, यावर लेखकाने विश्वास ठेवावा.

पालकांना आमचे एकच सांगणे आहे. आपण भोगलेले दिवस मुलांपासून लपवू नका. त्यात लाज वाटण्याजोगे आपले काहीही नाही; लाज वाटायला हवी ती भोगायला लावणाऱ्या व्यवस्थेला. आणि माजी विद्यार्थ्यांनो, ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत. त्यांच्यासोबत जी साक्ष जाते ती कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. येत्या सुटीत घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे आणि पहिला प्रश्न एवढाच विचारावा : "तुम्ही लहान असताना आपल्या घरी पाणी कुठून यायचे?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आपल्या लेखनाचा प्रारंभ तेथेच झालेला असेल.

जयभीम!